चालत्या संगणकात नवी हार्ड डिस्क कशी बसवावी

पहिल्यांदा दुसरी हार्ड डिस्क बसवली तेव्हा केबल, स्क्रू, बायोस (संगणक सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा मूळ प्रोग्राम) या सगळ्याची मला धास्ती वाटत होती. ते सगळं बिनघोर पार पडलं. चूक झाली ती शेवटच्या टप्प्यावर, खुर्चीत निवांत बसून माऊस चालवताना. संगणकात आधीपासून १ टेराबाइटची डिस्क होती आणि मी आणलेली दुसरीही १ टेराबाइटचीच होती, त्याच कंपनीची. यादीत दोन्ही एकसारख्या दिसत होत्या. मी फॉरमॅट मारला तो जुनीवर. तीन वर्षांचे फोटो आणि वडिलांच्या पत्रांचे स्कॅन त्यात होते. काही फाइल परत मिळाल्या, पण नावांशिवाय आणि तारखांशिवाय. पत्रांपैकी निम्मी गेली ती गेलीच.

म्हणून या लेखात स्क्रू कसे पिळायचे यावर मी थोडंच लिहिणार आहे. कुठली डिस्क कुठली हे कसं ओळखायचं आणि जुन्या डिस्कवरच्या डेटाला धक्का न लावता नवी कशी जोडायची, यावर भर आहे.

"चालता संगणक" याचे दोन अर्थ होतात. रोजच्या वापरातला, डेटाने भरलेला संगणक हा एक. वीज चालू असलेला, बंद न करता डिस्क जोडायची आहे असा संगणक हा दुसरा. मुख्यतः पहिल्याबद्दल लिहितो आहे. दुसऱ्याचा प्रश्न पायरी ४ मध्ये आहे.

१. डिस्क विकत घेण्याआधी कॅबिनेट उघडा

ज्याला आपण सगळे "सीपीयू" म्हणतो त्या डब्याचं झाकण काढा. संगणक बंद आणि वायर भिंतीच्या सॉकेटमधून काढलेली असावी. आत चार गोष्टी बघायच्या आहेत.

मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य पाटीवर, रिकामा साटा पोर्ट आहे का? साटा म्हणजे डिस्क जोडण्याची नेहमीची पद्धत. हे पोर्ट बोर्डाच्या कडेला ओळीने असतात, आतली खाच इंग्रजी एल अक्षराच्या आकाराची असते आणि शेजारी बारीक अक्षरात क्रमांक छापलेले असतात. रिकामा पोर्ट दिसला म्हणून खूश होऊ नका. तुमच्या बोर्डावर एम.२ प्रकारची (थेट बोर्डाच्या खाचेत बसणारी) एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली चिपांची डिस्क, बसवलेली असेल तर पुष्कळ मदरबोर्डांत एखाद-दोन साटा पोर्ट आपोआप बंद होतात, कारण दोघांची वाट एकच असते. कुठले पोर्ट बंद होतात ते मदरबोर्डच्या पुस्तिकेत कोष्टकात दिलेलं असतं. त्या कोष्टकाकडे दुर्लक्ष केल्यामुळे चांगली डिस्क खराब समजून परत करणारे मी पाहिले आहेत.

पॉवर सप्लायकडून, म्हणजे एसएमपीएसकडून, साटाची रिकामी वीजजोडणी लोंबते आहे का? डेटाची जोडणी ७ पिनांची, अरुंद. विजेची १५ पिनांची, रुंद. दोन्हींना एलसारखी खाच असते, त्यामुळे उलटी बसत नाही.

जागा आहे का? डेस्कटॉपच्या फिरत्या, म्हणजे आत तबकडी फिरणाऱ्या, डिस्क ३.५ इंची असतात, लॅपटॉपच्या आणि साटा एसएसडी २.५ इंची. ३.५ इंची खणात २.५ इंची डिस्क बसवायची तर पत्र्याची किंवा प्लास्टिकची पट्टी लागते.

आणि चौथी गोष्ट, हवा. पंख्याचा झोत जिथून जातो तो खण निवडा. दोन फिरत्या डिस्क एकीला एक चिकटून बसवू नका, मध्ये एक खण मोकळा सोडता आला तर सोडा.

लॅपटॉप असेल तर बहुतेक वेळा आत दुसऱ्या डिस्कला जागाच नसते. तेव्हा यूएसबीने जोडायची बाहेरची डिस्क घ्या आणि या लेखातल्या पायरी ३, ७ आणि ८ वाचा, तेवढ्या पुरतात.

२. कुठली डिस्क घ्यायची

कामाप्रमाणे ठरवा. प्रोग्राम झटपट उघडायला हवे असतील तर एसएसडी. फोटो, व्हिडिओ, बॅकअप अशी मोठी साठवण हवी असेल तर फिरती हार्ड डिस्क अजूनही योग्य. साटा ३ ची मर्यादा सेकंदाला ६ गिगाबिट, म्हणजे प्रत्यक्षात साधारण ५५० मेगाबाइट. साटा एसएसडी तिथवर पोहोचते, फिरती डिस्क मात्र त्याच्या निम्म्यालाही क्वचितच पोहोचते. म्हणून फिरती डिस्क जुन्या साटा २ पोर्टवर लावली तरी तुमचं काही अडणार नाही.

फिरत्या डिस्क घेताना एक शब्द शोधा: एसएमआर. या पद्धतीत माहितीचे पट्टे छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवून लिहिलेले असतात. त्यामुळे कमी जागेत जास्त मावतं, पण आधी लिहिलेलं बदलायचं झालं की शेजारचे पट्टेही पुन्हा लिहावे लागतात आणि डिस्क रेंगाळते. एकदा लिहून ठेवून द्यायच्या गोष्टींसाठी ती चालते. रोज बदलणाऱ्या फाइलींसाठी, आणि अनेक डिस्क एकत्र जोडून केलेल्या रेडसाठी, सीएमआर पद्धतीचीच, म्हणजे पट्टे एकमेकांवर न चढवणारी, घ्या. खोक्यावर हे नेहमी लिहिलेलं नसतं; कंपनीच्या माहितीपत्रकात मॉडेल क्रमांकावरून शोधावं लागतं.

आकाराबद्दलही आधीच सांगतो. कंपनी १ टेराबाइट म्हणते तेव्हा तिच्या लेखी ते १ लाख कोटी बाइट असतात. विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं, म्हणून तीच डिस्क ९३१ गिगाबाइट दिसते, आणि ४ टेराबाइटची ३.६३ टेराबाइट. कोणी फसवलेलं नसतं.

३. हाताशी काय हवं

- साटा डेटा केबल. डिस्कच्या खोक्यात ती सहसा नसते, वेगळी घ्या.
- चौफुली टोकाचा स्क्रू ड्रायव्हर आणि चार स्क्रू. ३.५ इंची डिस्कचे स्क्रू जाड आट्यांचे आणि २.५ इंचीचे बारीक असतात. ते एकमेकांत चालत नाहीत, जोर लावला तर आटे जातात.
- मदरबोर्डची पुस्तिका, छापील किंवा फोनवर उतरवून घेतलेली.
- डिस्कचं बिल आणि वॉरंटीचा कागद. बिलावर सीरियल नंबर असेल तर डिस्कवरच्या नंबराशी जुळवून घ्या.
- विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की, कागदावर लिहिलेली. बायोसमध्ये काही बदललं तर संगणक सुरू होताना ती मागू शकतो, आणि ती त्याच संगणकात साठवलेली असेल तर तुम्ही दाराबाहेर.
- जुन्या डेटाचा बॅकअप, या संगणकाच्या बाहेर.
- छोटी चिकटपट्टी, कागद आणि पेन.

शेवटच्या दोन गोष्टी सगळ्यात महत्त्वाच्या. बॅकअपबद्दल वाद घालायला जागा नाही: जे गेलं तर रडू येईल ते आज दुसऱ्या डिस्कवर घ्या, आणि घेतल्यावर त्यातल्या चार-पाच फाइल उघडून बघा.

चिकटपट्टी, कागद आणि पेन कशासाठी? डिस्क ओळखण्यासाठी; पट्टी शेवटी, पायरी १० मध्ये लागेल. प्रत्येक डिस्कच्या लेबलवर सीरियल नंबर असतो आणि तो जगात एकाच डिस्कचा असतो. डिस्कला विंडोज देतं तो "डिस्क ०", "डिस्क १" हा क्रमांक कायमचा नसतो. नवी डिस्क दुसऱ्या पोर्टला लागली की काल शून्य असलेली आज एक होऊ शकते. लिनक्समधल्या एसडीए, एसडीबी या नावांचंही तसंच. कंपनी, आकार, क्रमांक यांपैकी कशावरच विसंबता येत नाही. म्हणून नवी डिस्क बसवण्यापूर्वी तिच्या सीरियल नंबरचे शेवटचे चार आकडे-अक्षरं कागदावर लिहा, समोर "नवी" असं लिहा. मग संगणक सुरू करून आत असलेल्या प्रत्येक डिस्कचा नंबर टिपा. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट मिळणारं साधन तो दाखवतं. लिनक्सवर "डिस्क्स" हा ग्राफिक प्रोग्राम दाखवतो. जुन्यांच्या समोर "हात लावू नये" असं लिहा. हा कागद काम संपेपर्यंत कीबोर्डशेजारी ठेवा. माझ्याकडे त्या दिवशी हा कागद असता तर पत्रं आज असती.

४. बंद करून जोडायची की चालू असताना?

साटाची रचना करतानाच चालू यंत्रात डिस्क जोडण्या-काढण्याची सोय ठेवलेली आहे. डिस्कवरच्या वीजजोडणीत काही पिना इतरांपेक्षा लांब असतात. आत सरकवताना अर्थिंग आधी जुळतं आणि बाकीची वीज नंतर येते, म्हणून ठिणगी किंवा झटका टळतो. पण या सोयीचा फायदा मिळायला तीन गोष्टी जमून याव्या लागतात. साटाचा नियंत्रक (मदरबोर्डवरची डिस्क सांभाळणारी चिप) एएचसीआय नावाच्या पद्धतीत चालू असावा, बायोसमध्ये त्या पोर्टपुढचा "हॉट प्लग" हा पर्याय चालू असावा, आणि डिस्क सरळ आत सरकून बसेल असा खण किंवा डॉक असावा. सर्व्हरमध्ये आणि साठवणीच्या खास डब्यांमध्ये हे सगळं असतं.

साध्या कॅबिनेटमध्ये लोंबत्या केबलने चालू यंत्रात डिस्क जोडायचा मोह मात्र टाळा. होत नाही असं नाही, अनेक जण करतात. पण अंधाऱ्या कोपऱ्यात हात घालून केबल खुपसताना शेजारच्या डिस्कची केबल हलते, स्क्रू निसटून मदरबोर्डवर पडतो. शेजारची डिस्क तेव्हा मिनिटाला ७२०० फेऱ्या, म्हणजे सेकंदाला १२० फेऱ्या घेत असते आणि तिचं वाचणारं टोक तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. तिला धक्का देण्यात शहाणपण नाही. दहा मिनिटं संगणक बंद ठेवल्याने जे वाचतं ते जास्त मोलाचं आहे. ज्या यंत्राला बंद करण्याची परवानगीच नाही त्याला बहुधा हॉट स्वॅपचे, म्हणजे वीज चालू असताना डिस्क बदलता येणारे, खण असतातच.

एनव्हीएमई या वेगवान प्रकारची एम.२ एसएसडी मात्र डेस्कटॉप बोर्डावर वीज चालू असताना कधीच लावू किंवा काढू नका.

बंद करतानाही एक खोच आहे. विंडोजमधलं नेहमीचं "शट डाउन" हे पूर्ण बंद करणं नसतं. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोज आपल्या गाभ्याची अवस्था डिस्कवर लिहून झोपतं आणि पुढच्या वेळी तिथूनच उठतं. शिफ्ट दाबून धरून "शट डाउन" निवडा म्हणजे पूर्ण बंद होईल. मग मागचा खटका बंद करा, वायर काढा, आणि कॅबिनेटचं बटण पाच सेकंद दाबून धरा. उरलीसुरली वीज निघून जाते.

हॉट स्वॅपचा खण असेलच तर डिस्क एका दमात, सरळ, शेवटपर्यंत सरकवा. अर्धवट ठेवून पुन्हा मागेपुढे करू नका. विंडोजमध्ये ती स्वतःहून दिसली नाही तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये "ॲक्शन" खाली "रीस्कॅन डिस्क्स" निवडा.

५. डिस्क बसवणं

कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगावरची स्थिर वीज सोडा, आणि मधूनमधून पुन्हा लावत राहा. आपल्याला जाणवतही नाही एवढा झटका चिपला पुरेसा असतो. डिस्क कडेने धरा, खालच्या हिरव्या-निळ्या पाटीला बोटं लावू नका. वर बारीक छिद्र असेल आणि "झाकू नका" असं लिहिलेलं असेल तर त्यावर चिकटपट्टी येऊ देऊ नका. आतल्या-बाहेरच्या हवेचा दाब समान राहावा म्हणून ते असतं.

खणात सरकवा, चार स्क्रू लावा, हाताने घट्ट होतील तेवढेच आवळा. डेटा केबलचं एक टोक डिस्कला, दुसरं मदरबोर्डला. बारीक टक आवाज येईपर्यंत दाबा. केबल तिरकी ओढली तर आतली प्लास्टिकची जीभ तुटते आणि डिस्क तशीच निकामी होते. मग विजेची जोडणी.

विजेबाबत दोन सापळे सांगतो, कारण या दोन्हींत डिस्क कायमची जाते किंवा त्याहून वाईट होतं.

पहिला: ज्या पॉवर सप्लायच्या केबल सुट्या निघतात, त्याला दुसऱ्या पॉवर सप्लायची केबल कधीही लावू नका. डिस्ककडचं टोक सगळीकडे सारखं असतं, पण सप्लायकडच्या टोकाची मांडणी प्रत्येक कंपनीची वेगळी असते, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही वेगळी. केबल बसते छान, पण ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जातात आणि त्या केबलवरच्या सगळ्या डिस्क एका क्षणात जळतात, जुनीसुद्धा. जुन्या केबलचा डबा घरात असेल तर हे वाक्य पुन्हा वाचा.

दुसरा: जुन्या मोलेक्स जोडणीवरून साटा वीज देणारे अडॅप्टर. त्यातले साच्यात ओतून एकसंध केलेले प्लास्टिकचे अडॅप्टर टाळा. आत तारा एकमेकींच्या अगदी जवळ असतात, तापून शॉर्ट होऊन पेट घेतल्याची उदाहरणं आहेत. तारा एकेक दिसतात अशा पद्धतीने दाबून बसवलेले अडॅप्टर त्यामानाने बरे. मुळात गरज न पडेल असं बघा.

पॉवर सप्लायची ताकद पुरेल का, असा प्रश्न येतो. ३.५ इंची डिस्क काम करताना १० वॉटच्या आतच घेते, पण सुरू होताना तबकड्या फिरवायला काही सेकंद २० वॉटच्या वर जाते. एका डिस्कने साधारण संगणकाला काही फरक पडत नाही. एकाच केबलवर चार-पाच लावायच्या असतील तर भार दोन केबलवर वाटा.

झाकण लावण्याआधी जुन्या डिस्कच्या दोन्ही जोडण्या बोटाने दाबून बघा. नवी बसवताना जुनीच सैल झाली, असं फार वेळा होतं.

६. बायोसमध्ये फक्त बघा

सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबत राहा. साठवणीच्या यादीत नवी डिस्क दिसली पाहिजे. बूट क्रमात जुनी डिस्क, म्हणजे विंडोज किंवा लिनक्स असलेली, पहिली आहे ना ते बघा. नवी जोडल्यावर काही बोर्ड क्रम स्वतःहून बदलतात आणि "बूट डिव्हाइस सापडलं नाही" असा काळा पडदा येतो. त्यात काही बिघडलेलं नसतं, क्रम सरळ केला की झालं.

साटाचा मोड, म्हणजे एएचसीआय, रेड किंवा आयडीई, असेल तसा राहू द्या. चालू असलेल्या विंडोजखालून तो बदलला तर विंडोज निळ्या पडद्यावर अडकतं. कोणी कितीही सांगितलं तरी डिस्क जोडण्यासाठी तो बदलावा लागत नाही.

७. डिस्क वापरण्याजोगी करणं

झालेल्या नुकसानीच्या कहाण्या बहुतेक या पायरीवरच्या असतात. थकला असाल तर उद्या करा.

विंडोजचं बटण दाबून धरून एक्स दाबा आणि यादीतून डिस्क मॅनेजमेंट उघडा. कोरी डिस्क असेल तर "इनिशियलाइझ डिस्क" ही चौकट लगेच समोर येते. ओके दाबण्याआधी ती बाजूला सरकवा आणि खाली बघा. नव्या डिस्कसमोर "नॉट इनिशियलाइझ्ड" लिहिलेलं असेल आणि पट्टीवर "अनअलोकेटेड" असेल, वरची रेघ काळी. निळ्या रेघेची पट्टी म्हणजे तिथे आधीच विभाग आहे, बहुधा डेटाही आहे. आता डाव्या बाजूच्या डिस्क क्रमांकावर उजवं क्लिक करून "प्रॉपर्टीज" उघडा, मॉडेलचं नाव बघा. दोन्ही डिस्क एकाच मॉडेलच्या असतील तर क्रिस्टलडिस्कइन्फो उघडून सीरियल नंबर कागदाशी जुळवा. एवढं करूनही शंका उरली तर संगणक बंद करून जुन्या डेटा डिस्कची केबल काही वेळ काढून ठेवा. समोर नसलेल्या डिस्कवर फॉरमॅट मारता येत नाही. मी आता दर वेळी हेच करतो.

एक धोक्याची खूण: दुसऱ्या संगणकातून काढलेली, डेटा असलेली डिस्क जोडली आणि विंडोज "इनिशियलाइझ करा" किंवा "वापरण्याआधी फॉरमॅट करा" म्हणालं, तर "कॅन्सल" दाबा. तिची विभागणी विंडोजला वाचता येत नाही एवढाच त्याचा अर्थ. ती लिनक्सवर फॉरमॅट झालेली असेल किंवा थोडी बिघडलेली असेल. डेटा आत शाबूत असू शकतो.

कोऱ्या डिस्कला त्या चौकटीत "जीपीटी" ही विभागणीची पद्धत निवडा. "एमबीआर" ही जुनी पद्धत २ टेराबाइटच्या पुढची जागा वापरू देत नाही आणि मुख्य विभाग चारच देते. मग काळ्या पट्टीवर उजवं क्लिक, "न्यू सिंपल व्हॉल्यूम", आकार आहे तो पूर्ण, अक्षर आवडेल ते, फाइल सिस्टिम "एनटीएफएस". विंडोज आणि मॅक दोन्हींवर फिरवायची बाहेरची डिस्क असेल तर "एक्सफॅट". "फॅट३२" नको, त्यात ४ गिगाबाइटपेक्षा मोठी फाइल मावत नाही. नाव "नवी" असं न देता कामाचं द्या, "फोटो" किंवा "बॅकअप", म्हणजे सहा महिन्यांनी गोंधळ होणार नाही.

पुष्कळांची अपेक्षा असते की नवी डिस्क बसवली की भरलेला सी ड्राइव्ह मोठा होईल. तसं होत नाही. सी आहे तेवढाच राहतो आणि शेजारी नवा ड्राइव्ह येतो. "डायनॅमिक डिस्कमध्ये बदला" असा पर्याय दिसेल, त्याकडे फिरकू नका. दोन डिस्क जोडून एक मोठा ड्राइव्ह करता येतो, पण त्यातली एक गेली की दोन्हींवरचा डेटा जातो.

लिनक्सवाल्यांसाठी थोडक्यात, कारण तुम्हाला सापळे वेगळे आहेत. "डिस्क्स" किंवा जीपार्टेडमध्ये जीपीटी तक्ता आणि ईएक्सटी४ विभाग बनवा. कायमचं माउंट करायला एफएसटॅब फाइलमध्ये ओळ घालताना एसडीबी असं नाव न वापरता विभागाचा यूयूआयडी, म्हणजे त्याचा स्वतःचा ओळख क्रमांक, लिहा, आणि "नोफेल" हा पर्याय नक्की द्या. तो नसेल आणि डिस्क कधी सापडली नाही, तर यंत्र सुरू होताना आणीबाणीच्या पडद्यावर थांबून बसतं. दूरच्या खोलीतल्या सर्व्हरबाबत हे फार महागात पडतं. रीस्टार्ट करण्याआधी सगळं माउंट करण्याची आज्ञा देऊन ओळ तपासा. नव्या विभागाचा मालक रूट असतो, तेव्हा फोल्डरची मालकी तुमच्या नावावर केल्याशिवाय त्यात लिहिता येणार नाही. आणि जिथे माउंट करणार ते फोल्डर रिकामं हवं. त्यात आधी काही असेल तर ते पुसलं जात नाही, झाकलं जातं. उलटही होतं: डिस्क माउंट झालेली नसताना रात्रीचा बॅकअप त्याच रिकाम्या फोल्डरमध्ये लिहिला जातो आणि मुख्य डिस्क काठोकाठ भरते.

८. भरवसा ठेवण्याआधी डिस्क तपासा

हार्ड डिस्क बिघडायची तर बरेचदा अगदी सुरुवातीला बिघडते, कारखान्यातला किंवा वाहतुकीतला दोष तेव्हाच वर येतो. म्हणून पहिल्या दिवशी एकमेव प्रत तिच्यावर ठेवू नका.

फॉरमॅट करताना "क्विक फॉरमॅट" वरची खूण काढली की विंडोज संपूर्ण डिस्कवर शून्यं लिहितं आणि जागा तपासतं. ४ टेराबाइटच्या फिरत्या डिस्कला, सेकंदाला सरासरी १५० मेगाबाइट धरले तर, सात तासांहून जास्त लागतात. रात्री लावा. एसएसडीवर मात्र हे करू नका, तिथे क्विक फॉरमॅट पुरे.

मग क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये, किंवा लिनक्सवर स्मार्टमॉनटूल्सने, स्मार्ट नोंदी, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीच्या ठेवलेल्या नोंदी, बघा. ५ क्रमांकाची नोंद म्हणजे खराब जागेऐवजी राखीव जागा किती वेळा वापरली ते. १९७ म्हणजे वाचता न आलेल्या, निर्णय बाकी असलेल्या जागा. नव्या डिस्कवर दोन्ही शून्य हव्यात. त्या वाढत असतील तर वाट बघू नका, वॉरंटीत बदलून घ्या. ९ क्रमांक किती तास वापर झाला ते सांगतो. नवी म्हणून घेतलेल्या डिस्कवर तिथे हजारो तास दिसले तर ती नवी नाही. १९९ वाढत असेल तर दोष बहुधा डिस्कचा नसून डेटा केबलचा असतो. केबल बदला, आकडा आहे तिथेच थांबेल. तापमान ४५ अंशांच्या आत असावं.

९. डिस्क दिसतच नाही

या क्रमाने जा. कानाने ऐका किंवा बोट हलकेच टेकवा, तबकडी फिरते आहे का? फिरत नसेल तर वीज नाही: दुसरी वीजजोडणी लावून बघा. बाहेरच्या डब्यातून काढलेल्या काही डिस्क मात्र वेगळ्याच कारणाने गप्प राहतात. साटाच्या नव्या आवृत्तीत वीजजोडणीतल्या तिसऱ्या पिनेला "डिस्क बंद ठेव" असा अर्थ दिला आहे. जुने पॉवर सप्लाय त्या पिनेवर ३.३ व्होल्ट देतात आणि डिस्क तो हुकूम पाळत बसते.

फिरते पण बायोसमध्ये नाही: डेटा केबल बदला, मग पोर्ट बदला, मग एम.२ चं ते कोष्टक उघडा. बायोसमध्ये आहे पण "धिस पीसी"मध्ये (जुन्या विंडोजमधलं "माय कॉम्प्युटर") नाही: पायरी ७ राहिली आहे, किंवा ड्राइव्हला अक्षर मिळालेलं नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये "ऑफलाइन" लिहिलेलं आहे: ती बहुधा दुसऱ्या डिस्कची हुबेहूब प्रत आहे आणि दोघींची ओळखखूण एकच झाली आहे. टिक-टिक असा ठरावीक ठोका येतोय: ताबडतोब बंद करा. नवी असेल तर परत, जुनी असेल आणि आत डेटा असेल तर पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका, प्रत्येक प्रयत्नाने तबकडीला इजा वाढते.

आणि चुकून भलत्याच डिस्कवर क्विक फॉरमॅट मारलाच, तर त्या क्षणी हात थांबवा. तिच्यावर एकही फाइल लिहू नका, डेटा परत मिळवण्याचा प्रोग्रामसुद्धा दुसऱ्या डिस्कवर टाका. फिरत्या डिस्कवर क्विक फॉरमॅटने फक्त यादी जाते, मजकूर जागेवर असतो. मी तेव्हा घाबरून त्याच डिस्कवर फाइल कॉपी करत राहिलो, आणि जे वाचलं असतं त्याच्यावरच लिहीत गेलो. एसएसडीवर मात्र ट्रिम नावाची सोय काही क्षणांत मोकळी जागा खरोखर रिकामी करते, तिथे आशा फार थोडी.

१०. डेटा हलवणं

"कट" करू नका, "कॉपी" करा. संपल्यावर दोन्ही फोल्डरच्या प्रॉपर्टीज उघडून फाइलींची संख्या आणि एकूण बाइट जुळवा, काही फाइल उघडा, आणि जुनी प्रत निदान आठवडाभर राहू द्या.

डॉक्युमेंट्स, पिक्चर्स ही फोल्डर नव्या डिस्कवर न्यायची असतील तर त्यांवर उजवं क्लिक, "प्रॉपर्टीज", "लोकेशन" आणि "मूव्ह". इथे थेट "डी:" असा ड्राइव्ह देऊ नका. आधी त्यात "पिक्चर्स" नावाचं फोल्डर बनवा आणि ते द्या. नाहीतर सगळा ड्राइव्हच पिक्चर्स फोल्डर होऊन बसतो आणि मागे फिरणं किचकट होतं. बसवलेले प्रोग्राम असे उचलून नेता येत नाहीत, ते काढून नव्या जागी पुन्हा बसवा.

शेवटी चिकटपट्टीवर ड्राइव्हचं नाव, सीरियल नंबरची शेवटची चार अक्षरं आणि बसवल्याची तारीख लिहून ती कॅबिनेटमध्ये खणाच्या पत्र्यावर, झाकण काढल्याबरोबर दिसेल अशी लावा. बिल आणि तो कागद एकत्र ठेवा. पुढची डिस्क बसवताना तोच कागद पुन्हा लागेल.